टँकरच्या खेपा कोणी बदलल्या?

ती घटना आठवली की डोळ्यांसमोर सर्वांत आधी उभा राहतो तो बीड बायपासच्या पलीकडच्या वस्तीवर अडवून धरलेला टँकर. समोरची काच फुटलेली, मागचा कॉक कोणीतरी उघडलेला आणि त्याखाली हंडे घेऊन एकमेकींना रेटणाऱ्या बाया. चालक रस्त्याच्या कडेला डोळ्यावर उपरणे दाबून बसला होता. उपरणे रक्ताने भिजले होते. एक म्हातारा सोडला तर त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

तेव्हा मी शहराच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. दुष्काळ सलग चालू होता. जायकवाडीतला साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला होता आणि शहर मात्र वाढायचे थांबत नव्हते. बायपासच्या दोन्ही अंगांना नव्या इमारती उठत होत्या. नळाची लाईन आलेली नाही, बोअर आटलेले. इमारती असोत की जुन्या वस्त्या, सगळा भार टँकरवर. ठाण्याच्या डायरीत चोऱ्यांपेक्षा पाण्यावरून झालेल्या भांडणांच्या नोंदी जास्त असत. अदखलपात्र नोंद घ्यायची, दोन्ही बाजूंना समज द्यायची आणि घरी पाठवायचे, हा आमचा त्या उन्हाळ्यातला नित्यक्रम झाला होता.

हे भांडण मात्र तेवढ्यावर मिटणारे नव्हते. दगड चालकाच्या डोळ्याला लागला होता. शासकीय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितले की डावा डोळा वाचणार नाही. मी जबाब घ्यायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"साहेब, कुठं पाणी द्यायचं ते मी ठरवतो का?" तो म्हणाला. "सकाळी मोबाईलवर मेसेज येतो. त्यात जे नाव असंल तिथं गाडी न्यायची. वस्तीचं नावच येत नव्हतं लई दिवस. त्या दिवशी आलं, म्हणून गेलो, तर त्यांनी मलाच धरलं."

वस्तीवरचे लोक वेगळे काही सांगत नव्हते. चालकाजवळ बसलेला तो म्हातारा मला म्हणाला, "आमच्या वाट्याच्या खेपा त्या नव्या बिल्डिंगींत जात्यात, साहेब. ह्या डोळ्यांनी बघितलंय. चूक झाली, व्हय. पण पाणी कोण पळवतंय ते बी बघा की."

दोघांचे म्हणणे खरे होते. मग खेपा बदलत कोण होते, एवढाच प्रश्न उरला.

त्याचे उत्तर घेऊनच जणू टँकर पुरवणाऱ्या खासगी कंपनीचे व्यवस्थापक ठाण्यात आले. नीटनेटका माणूस. फिर्याद घरूनच टाईप करून आणलेली. त्यांनी समजावून सांगितले ते असे: कोणत्या टँकरने कुठे जायचे याचे वेळापत्रक कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर, तयार होते आणि सकाळी चालकांना तिथून आपोआप मेसेज जातात. कार्यालयात बसून वेळापत्रक बदलायचे तर व्यवस्थापकांची सही लागते, वर कॅमेराही आहे. पण गेले काही आठवडे कोणीतरी भल्या सकाळी, कार्यालय उघडण्याआधी, बाहेरून इंटरनेटवरून त्या सर्व्हरमध्ये शिरत होते. वस्तीच्या खेपा काढून नव्या इमारतींच्या नावावर टाकत होते.

"आणि ते कोण, हेही आम्हाला माहीत आहे," व्यवस्थापक म्हणाले. त्यांनी सर्व्हरवरच्या नोंदींचा छापील कागद पुढे केला. प्रत्येक वेळी लॉगिन झाले होते ते एकाच नावाने. सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीच्या. "बाहेरून शिरायची परवानगी फक्त तिच्या घरच्या कॉम्प्युटरला आहे. दुसऱ्या कोणाला नाही. त्यामुळे साहेब, दुसरं कोणी असूच शकत नाही."

मी गुन्हा दाखल करून घेतला. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे लागली. तोपर्यंत चालकाचे नातेवाईक ठाण्याच्या आवारात जमले होते. त्यांना कोणीतरी 'कॉम्प्युटरवाली बाई' असे सांगून ठेवलेच होते. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. अटक केव्हा करता, एवढेच त्यांनी विचारले.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आली. वय पंचविशीच्या आतले. सोबत वडील. ते वैजापूरला मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानात माल तोलायचे. मुलगी शिकली, शहरात नोकरीला लागली, सातारा परिसराच्या बाजूला एका गल्लीत खोली घेऊन राहत होती. त्यांच्यासोबत आणखी एकजण होता. कंपनीतला खेपांचा पर्यवेक्षक. चालकांच्या तक्रारी ऐकणे, गाड्या भरताना उभे राहणे हे त्याचे काम. तिशीचा, मवाळ बोलणारा. मुलगी त्याला दादा म्हणत होती. "काका एकटे पडतील म्हणून आलो, साहेब," तो म्हणाला. मला ते बरे वाटले. ठाण्यात आलेल्या माणसाच्या मागे सहसा कोणी उभे राहत नाही.

चौकशी माझ्या कक्षात झाली. महिला शिपाई शेजारी, दार उघडे. संध्याकाळच्या आत तिला घरी सोडायचे हे आधीच ठरवलेले. मी तिला म्हटले की मला कॉम्प्युटरचे काही कळत नाही, तेव्हा पहिलीतल्या मुलाला सांगावे तसे सांगा.

तिने सांगितलेही तसेच. इंटरनेटवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता असतो, चार आकड्यांचा, मध्ये टिंब दिलेला. कोणी बाहेरून आत येऊ लागला की तिचा सर्व्हर आधी त्याचा पत्ता बघतो. त्यासाठी दोन फाईली. एक परवानगीची, एक मनाईची. सर्व्हर आधी परवानगीची वाचतो. त्यात पत्ता सापडला की पुढचे काही बघत नाही, थेट पासवर्ड विचारतो. नाही सापडला तर मनाईची वाचतो. त्यातही नसेल, तर त्यालाही आत सोडतो, पासवर्डपर्यंत.

"म्हणजे दोन्हीत नाव नसलेल्याला तुम्ही आत घेता?" मी विचारले.

"म्हणूनच मनाईच्या फाईलमध्ये एकच ओळ आहे, सर. सगळ्यांना मनाई. आणि परवानगीच्या फाईलमध्ये माझ्या घरचा पत्ता. बास."

आयुक्तालयाच्या फाटकावर पहारेकऱ्याकडे कोणाला सोडायचे याची यादी असते आणि बाकीच्यांना रोखायचा तोंडी हुकूम असतो, तसेच हे. मला समजले.

"मग आत कोण गेलं?"

"मी नाही गेले."

"दुसरं कोणी जाऊ शकतं?"

"नाही जाऊ शकत. नियम मी स्वतः लिहिलेत."

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, सर," ती म्हणाली. "पण आहे ते असं आहे."

इतक्या वर्षांत मी एक पाहिले होते. ज्याने गुन्हा केलेला असतो तो तपास अधिकाऱ्यासाठी एखादी खिडकी उघडी ठेवतो. अमका तिथे होता म्हणे, तमक्याला किल्ली माहीत होती म्हणे. आपल्या सुटकेची वाट तो आधी करून ठेवतो. ही मुलगी एकेक वाट स्वतःच्या हाताने बंद करत चालली होती. माझ्या मनात तिच्याविषयी पहिली शंका आली ती इथे, आणि ती तिच्या बाजूने होती.

दुसरी शंका मात्र तिच्या विरुद्ध होती. "पासवर्ड कोणाला माहीत आहे?" असे मी विचारले, तेव्हा आतापर्यंत तत्काळ उत्तर देणारी ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "कोणालाच नाही." जबाबात तिचे उत्तर लिहून घेतले आणि तिचे थांबणे लक्षात ठेवले.

आमच्याकडे तेव्हा सायबर कक्ष नावापुरता होता. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना विनंती केली. ते आले ते घाईत, सारखे घड्याळाकडे बघत. कंपनीची लेखी परवानगी घेऊन आम्ही ठाण्यातल्या कॉम्प्युटरवरून त्या सर्व्हरमध्ये शिरायचा प्रयत्न केला. सर्व्हरने पासवर्ड विचारलासुद्धा नाही. दारातूनच परत पाठवले.

"दार पक्कं बंद आहे," प्राध्यापक म्हणाले.

"मी तेच सांगत होतो," व्यवस्थापक म्हणाले.

व्यवस्थापकांनी आणलेल्या कागदावर पत्त्याचे सुरुवातीचे आकडे होते. छापताना रकाना अपुरा पडल्याने शेवट कापला गेला होता. ते सुरुवातीचे आकडे घेऊन आम्ही इंटरनेट पुरवणाऱ्या केबलवाल्याला पत्र पाठवले. त्याचे उत्तर आले की असे पत्ते आम्ही सातारा परिसरातल्या ग्राहकांना देतो, पण कोणत्या वेळी कोणाला कोणता दिला होता याची नोंद आमच्याकडे नाही. म्हणजे भाग तिचाच. फास आणखी आवळला गेला. वरिष्ठांनी पुन्हा विचारले. मी म्हटले, घराचा पंचनामा झाला की सांगतो.

रोज सकाळी वैजापूरच्या एसटीने तिचे वडील येत आणि ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसत. रोज तो पर्यवेक्षकही कामावर जाण्याआधी येई. त्यांना चहा आणून देई, कधी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी खाई. "काका, काही होत नाही. साहेब चांगले आहेत," असे त्याला म्हणताना मी स्वतः ऐकले आहे.

खबर आली ती आमच्या एका हवालदाराकडून. हा हवालदार सोयगावकडचा. वस्तीला लागून असलेल्या ज्या नव्या इमारतींना जादा खेपा जात होत्या, तिथला रखवालदारही सोयगाव तालुक्यातला निघाला. गाववाला म्हटल्यावर तो मोकळा बोलला. हवालदार मला येऊन म्हणाला, "साहेब, त्या बिल्डिंगीत पाणी येणार हे आदल्या सांजेलाच समद्यांना कळतं. हौद धुऊन ठेवा म्हणून सांगावा येतो. आन् तो सांगावा बाहेरून येत नाय. वरच्या मजल्यावरून येतो."

"कोणाच्या घरातून?"

"ते त्याला धड माहीत नाय. जिन्यावरून निरोप येतो म्हणतो."

म्हणजे खेपा सकाळी बदलल्या जात, पण त्या बदलणार हे कोणालातरी आदल्या दिवशी माहीत असे, आणि तो माणूस त्या इमारतीत होता. मुलीचा त्या इमारतीशी काही संबंध दिसत नव्हता. व्यवस्थापकांना मी हे सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, "ती इमारत तिच्या गल्लीच्या मागेच आहे, साहेब. बघा म्हणजे." एखाद्यावर संशय पक्का बसला की प्रत्येक नवी गोष्ट त्याच्याच विरुद्ध कशी जाते, हे पोलिसांना वेगळे शिकवावे लागत नाही. आम्हीही तेच करत असतो.

पंचनाम्यासाठी आम्ही तिच्या खोलीवर गेलो ते दुपारी. दोन पंच, प्राध्यापक, हवालदार, महिला शिपाई. खोलीत एक लोखंडी कॉट, देव्हारा, टेबलावर कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात पाण्याने भरलेले पिंप, वर झाकण आणि झाकणावर वीट. कॉम्प्युटर जप्त करायचा म्हणून हवालदाराने गच्चीवर जाऊन इंटरनेटची वायर सोडवली. थोड्या वेळाने शेजारच्या घरातल्या बाई तावातावाने बाहेर आल्या.

"अहो, आमचं नेट कशाला बंद केलंत? पोराची परीक्षा आहे."

"आम्ही तुमचं नाही बंद केलं, बाई."

"मग कुणी केलं? वायर एकच आहे ना सगळ्या गल्लीची. इथून आमच्याकडे, आमच्याकडून पुढं."

मी वर पाहिले. काळी वायर त्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर, तिथून खांबावर आणि खांबावरून मागच्या नव्या इमारतीकडे गेली होती. मला केबलवाल्याचे पत्र आठवले. 'सातारा परिसरातल्या ग्राहकांना.'

"सर," मी प्राध्यापकांना विचारले, "ठाण्यातून दार बंद होतं. या बाईंच्या घरातून बघितलंय का कोणी?"

"पत्ता वेगळाच असणार. फरक पडू नये."

"फरक पडू नये हे मान्य. पण बघूया."

वायर पुन्हा जोडली. त्या बाईंनी आम्हाला बैठकीत बसवले, तांब्याभर पाणी आणि दोन लहान पेले ठेवले. त्या उन्हाळ्यात ते बरेच होते. प्राध्यापकांनी त्यांच्या मुलाच्या कॉम्प्युटरवरून त्या सर्व्हरला हाक दिली. मुलगी महिला शिपायाजवळ दारात उभी होती.

पडद्यावर एक ओळ आली. सर्व्हर पासवर्ड विचारत होता.

प्राध्यापकांनी घड्याळाकडे बघायचे सोडले. मुलगी पुढे आली, वाकून पाहिले आणि म्हणाली, "हे विचारायलाच नको होतं."

"का?"

"सर, इथून तर दारातच अडवायला पाहिजे. हा पत्ता माझा नाहीये."

आम्ही तसेच सगळे कंपनीच्या कार्यालयात गेलो. पंचांसमक्ष प्राध्यापकांनी सर्व्हर उघडला. त्यांनी आधी मनाईची फाईल पाहिली. सगळ्यांना मनाई, ओळ जागच्या जागी. मग परवानगीची उघडली. तिच्या घरच्या पत्त्याचे चार आकडे हवे होते, तिथे तीनच होते. तिसऱ्या आकड्यापुढे टिंब, आणि टिंबापुढे काही नाही.

प्राध्यापकांनी मला समजावले. चारही आकडे लिहिले की सर्व्हर फक्त त्या एका पत्त्याला ओळखतो. पण शेवटचा आकडा काढून टिंब तसेच ठेवले, की त्याचा अर्थ तो असा घेतो: या तीन आकड्यांनी सुरू होणारे सगळे. फाटकावरच्या यादीत अमक्या घरातले अमुक असे लिहिण्याऐवजी नुसते अमकी गल्ली असे लिहावे, तसे. त्या केबलवाल्याचा त्या भागातला ग्राहक असलेल्या जवळजवळ कोणालाही हा सर्व्हर दारात अडवत नव्हता. ठाण्यातून बंद दिसलेले दार त्या सगळ्या परिसराला उघडे होते. आणि पासवर्ड ज्याच्याकडे असेल तो सरळ आत.

"हे तुम्ही लिहिलं?" मी मुलीला विचारले.

"नाही. मी पूर्ण पत्ता लिहिला होता." ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आले असावे, कारण ती खुर्चीत बसली. "सर, मी तुम्हाला एक खोटं सांगितलं."

तिने जे सांगितले ते असे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिला कावीळ झाली होती. घरून काम करायची परवानगी होती. एक दिवस केबलवाल्याने तिचा पत्ता बदलला आणि तिच्याच नियमाने तिला बाहेर ठेवले. वेळापत्रक तर जायला हवे. तिने कार्यालयात पर्यवेक्षकाला फोन केला, आपला पासवर्ड सांगितला, आणि फाईल उघडून कोणत्या ओळीतला शेवटचा आकडा खोडायचा, नवा कोणता टाकायचा ते एकेक करून सांगितले.

"त्यांनी आकडा खोडला आणि म्हणाले, बघा बरं आता होतंय का. मी बघितलं, तर झालं. आत गेले. मला वाटलं त्यांनी नवा टाकला. अंगात ताप होता, मी फाईल बघितलीच नाही." मग म्हणाली, "त्यानंतर पत्ता बदलल्याचा त्रास कधी झाला नाही. तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

"आणि पासवर्ड?"

"नाही बदलला. पासवर्ड दुसऱ्याला दिला तर कंपनी काढून टाकते, सर. मला सांगायची भीती वाटली. आणि दादांचं नाव कशाला घ्यायचं, त्यांनी तर मदत केली होती."

व्यवस्थापक आपल्या टाईप केलेल्या फिर्यादीची प्रत हातात धरून उभे होते. आम्हा सगळ्यांना एकाच वेळी ठाण्यातला तो बाक आठवला असणार.

पर्यवेक्षकाला मी दुसऱ्या दिवशी आत बोलावले. तो नेहमीसारखा आला होता, मुलीच्या वडिलांशेजारी बसला होता. कक्षात आल्यावर मी साधे प्रश्न विचारले. गाव कोणते, राहता कुठे.

"फुलंब्रीचा, साहेब. तिथूनच येऊन-जाऊन करतो." कंपनीच्या कागदांवरही पत्ता फुलंब्रीचाच होता.

मी हवालदाराला खूण केली. त्याने रखवालदाराला आत आणले. रखवालदाराने त्याला बघताच नमस्कार केला. "हे तर आपल्या दुसऱ्या मजल्यावरचे," तो म्हणाला. त्याच्या मते हा सर्वांत सज्जन भाडेकरू होता.

पर्यवेक्षकाने वाद घातला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मी त्याला बसायला सांगितले.

"लेकरू झालं म्हणून शहरात खोली घेतली, साहेब," तो म्हणाला. "कंपनीला सांगितलं नव्हतं, गाडीभाडं बंद झालं असतं. इथं आलो तर पाणी नाय. बायको म्हणली, अंगावरचं लेकरू घेऊन असं नाय राहता येत, मी जाते माहेरी. त्या दिवशी सहज बघितलं घरून जमतंय का. जमलं. एक खेप टाकली. फक्त एकच टाकायची होती."

"मग?"

"पाणी आलं तर बिल्डिंगीतले म्हणले, तुम्ही आणू शकता तर रोज आणा. कुणी म्हातारं, कुणी आजारी. नाय म्हणता आलं नाय."

"वस्तीचंच नाव का काढलंत?"

"वस्तीवरून कोणी फोन करत नाय, साहेब," तो म्हणाला. "बिल्डिंगीत पाणी नाय गेलं तर फोनवर फोन येतात. वस्तीवरचे वाट बघतात. मला वाटलं, एक-दोन दिवस वाट बघतील."

"आणि ज्या दिवशी चालकाला मारलं, त्या दिवशी तर वस्तीची खेप होती."

"त्या दिवशी मी काय बदललंच नव्हतं. मनाला लागलं होतं म्हणून सोडली होती."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. त्यामुळे पुढचे काम रीतसर केले. त्याचा कॉम्प्युटर जप्त केला. प्राध्यापकांनी सर्व्हरवरून न कापलेले पूर्ण पत्ते काढले. केबलवाल्याने त्याच्या इमारतीतल्या जोडण्यांची यादी दिली. कॉम्प्युटरमध्ये लॉगिनच्या खुणा सापडल्या आणि त्या वेळा जुळल्या. मुलीवरचा आरोप मी वरिष्ठांना अहवाल देऊन काढून घेतला. तिला अटक झालेली नव्हती याचे श्रेय मी माझ्याकडे घेत नाही. पंचनामा आधी की अटक आधी, एवढाच तो प्रश्न होता, आणि पंचनामा आधी झाला.

पर्यवेक्षकाला कोठडीत नेताना तो व्हरांड्यातून गेला. मुलीचे वडील बाकावरून उठले. मला वाटले ते त्याच्या अंगावर जातील. दोन शिपाई पुढे सरकलेही. त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "साहेब, ह्याच्या बायकोला कोणी सांगितलं का? लेकरू लहान आहे म्हणत होता."

कोणी सांगितले नव्हते. मी महिला शिपायाला पाठवले.

खटला उभा राहिला तेव्हा माझी बदली झाली होती, पण साक्षीसाठी मी आलो. मुलगी सरकार पक्षाची मुख्य साक्षीदार. सरकारी वकिलांनी तिला आधी सांगून ठेवले होते की जेवढे विचारतील तेवढेच बोला, पासवर्डचे आपण होऊन काढू नका, उलटतपासात बघू. साक्ष सुरू झाल्यावर तिने पहिल्याच उत्तरात सांगितले, की पासवर्ड मी स्वतः फोनवर दिला आणि नंतर बदलला नाही. पोलिसांनाही आधी खोटे सांगितले. न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि ते लिहून घेतले. कंपनीने तिला त्याच कारणावरून आधीच कमी केले होते. पुढे ती दुसऱ्या शहरात कामाला लागली. पर्यवेक्षकाला शिक्षा झाली.

चालकाला दगड कोणी मारला, हे मात्र मला शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाही. सगळी वस्ती तिथे होती आणि कोणी काही पाहिले नव्हते. त्याच्या डोळ्याचा गुन्हा कागदोपत्री आजही 'अज्ञात इसम' याच नावावर आहे.

या प्रकरणानंतर मी कॉम्प्युटर शिकलो असे काही झाले नाही. मात्र 'दुसरं कोणी असूच शकत नाही' असे फिर्यादी म्हणाला की मी त्याला विचारू लागलो, हे तुम्ही कुठे उभे राहून बघितले. ठाण्यातून बघितले तर दार बंदच होते, आणि तो सांगणाराही खोटे बोलत नव्हता.

दुसरी गोष्ट माझ्या मनात अधिक काळ राहिली. निर्दोष मुलगी माझ्याशी खोटे बोलली आणि दोषी माणसाने तिच्या वडिलांची खरी काळजी घेतली. लोक विचारतात की तो बाकावर बसून नाटक करत होता का. मला तेव्हा तसे वाटले नाही आणि आजही वाटत नाही. ती सुटावी असे त्याला मनापासून वाटत होते. त्यासाठी फक्त एक वाक्य बोलायचे होते, आणि रोज सकाळी तो तेवढे सोडून बाकी सगळे बोलून कामावर जात होता.